बिरजिशीची बटणं

आमच्या गावात घोडा नव्हता. कट्ट्याच्या बाजारापासून समुद्रापर्यंतच्या कुठल्याही वाडीत तो नव्हता. माणसं पायी चालायची, ओझं बैलावर किंवा डोक्यावर जायचं, आणि लांब जायचं तर होडी होतीच. असल्या मुलखात आमच्या घरी, एका पत्र्याच्या ट्रंकेत, कडुलिंबाच्या पाल्यात घालून ठेवलेली बिरजीस होती. ती अजून माझ्याकडे आहे. तिचा मालक गेला, मालकाचा मुलगाही गेला. मी तेवढी राहिले आहे, आणि दर पावसाळ्यानंतर तिला ऊन दाखवते.

बिरजीस म्हणजे घोड्यावर बसायची विजार. आता ती कोणी पाहिलेली नसते म्हणून सांगते. मांड्यांना फणसासारखी फुगीर आणि गुडघ्याखाली पडवळासारखी बारीक. गुडघ्यांच्या आतल्या अंगाला चामड्याची ठिगळं, खोगिराला घासून कापड विरू नये म्हणून. पोटरीवर ती इतकी आवळ बसते की पाऊल तिच्यातून जाणंच शक्य नाही. म्हणून तिथं ती उभी चिरलेली असते, आणि त्या चिरेवर घोट्यापर्यंत शिंगाच्या बारीक बटणांची ओळ. आधी पाय घालायचा, मग वाकून एकेक बटण काजातून ओढून घ्यायचं. बोटांनी ते ओढता येत नाही. त्यासाठी लोखंडी आकडा असतो, लहानसा, लाकडी मुठीचा.

ही बिरजीस माझ्या सासऱ्यांची. ते सावंतवाडीला संस्थानच्या पागेत स्वार होते. संस्थान गेलं, पागा मोडली, घोडे कुठे कुठे विकले गेले आणि मामंजी ट्रंक घेऊन गावी आले. खोगीर, पट्टा, गुडघ्यापर्यंतचे बूट तिथंच जमा झाले. बिरजीस त्यांच्या मापाची, दुसऱ्या कोणाला बसली नसती, म्हणून तेवढी त्यांना नेऊ दिली असं सासूबाई सांगायच्या. मी लग्न होऊन आले तेव्हा ते पुरते शेतकरी झाले होते. भात होतं, थोडे काजू, दोन आंब्याची झाडं. पण नांगरामागूनही माणूस ताठ चालायचा. बैलाला ते कधी शिवी देत नसत. आमच्या गावात हे फार विचित्र समजलं जाई.

संस्थानात दसऱ्याला स्वारी निघायची आणि मामंजी तीत असायचे. म्हणून गावी आल्यावरही दर दसऱ्याला ते बिरजीस घालून देवळात जात. घोडा नाही, बूट नाहीत, पायात साध्या वहाणा, वर पांढरा सदरा आणि डोक्याला फेटा. देवळात देवांचे तरंग, लुगडी नेसवलेले उंच खांब, निघायचे, ढोल वाजायचा, लोक आपट्याच्या फांद्यांवर तुटून पडायचे, आणि हे एका बाजूला हात मागे बांधून उभे. लोक सोनं द्यायला त्यांच्याकडे जात. मागाहून हसतही असतील, पण जात.

त्या दिवशी सकाळी बटणं लावायचं काम सासूबाईंचं. मामंजी ओटीवरच्या खांबाला धरून उभे राहायचे आणि सासूबाई जमिनीवर बसून, आकडा हातात धरून, खालपासून वरपर्यंत बटणं ओढत यायच्या. तोंडाचा पट्टा तेवढा वेळ चालू.

"घोडो गेलो, राजा गेलो, आणि मी हंय बटणा लावतंय," त्या म्हणायच्या. "पुढच्या वर्साक मी काय लावचंय नाय हां."

मामंजी बोलत नसत. वर बघत राहत. शेवटचं बटण लागलं की सासूबाई त्या पोटरीवर एक चापट मारायच्या, घोड्याला मारतात तशी, आणि उठायच्या. मी चुलीपाशी बसून हे बघायची आणि मला हसू यायचं. मला हेवाही वाटायचा, ते आता सांगायला हरकत नाही. माझा नवरा मुंबईला होता. चतुर्थीला एकदा आणि मे महिन्यात एकदा यायचा. त्याच्या सदऱ्याला किती बटणं आहेत हेसुद्धा मला धड माहीत नव्हतं.

आता आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. सून त्या वेळी सासऱ्याशी तोंडासमोर बोलत नसे. सासराही सुनेशी बोलत नसे. दोघं एकाच खोलीत असली तरी बोलायचं सासूबाईंकडे बघून. 'भात वाढू काय म्हणून विचारा,' असं मी म्हणायची. 'वाढ म्हणान सांग,' असं ते म्हणायचे. आणि मध्ये सासूबाई सुपारी कातरत बसलेल्या असायच्या. त्या निरोप पोचवायच्याही नाहीत. पोचवायची गरजच नव्हती, फक्त मध्ये कोणीतरी असायला हवं होतं.

एका श्रावणात सासूबाई तापानं गेल्या.

नवरा आला, कार्य झालं, पाहुणे पांगले, नवरा मुंबईला परत गेला. आणि त्या संध्याकाळी मला कळलं की या घरात आता दोनच माणसं आहेत आणि ती एकमेकांशी बोलू शकत नाहीत. मामंजी मागल्या दाराशी येऊन खाकरले. मी पदर ओढून आत उभी राहिले. त्यांना काहीतरी सांगायचं होतं आणि सांगायला कोणी नव्हतं. मग ते गोठ्याकडे वळले आणि गाईला म्हणाले, "आज माका भूक नाय."

मी आतून म्हटलं, "गाये, वायच पेज तरी घेवक सांग."

त्यांनी पेज घेतली. तेव्हापासून आमच्या घरात सगळं बोलणं गाईमार्फत होऊ लागलं. तांदूळ संपत आले की मी गाईला सांगायची. कट्ट्याहून काय आणायचं ते मामंजी गाईला विचारायचे. मुंबईहून पत्र यायचं ते त्यांच्या नावानं; ते गोठ्यात उभे राहून मोठ्यानं वाचायचे आणि मी भांडी घासायची थांबवून ऐकायची. पत्रात माझं नाव नसायचं. 'घरात सर्वांस' एवढं असायचं. ते शब्द मामंजी दोनदा वाचायचे, चुकून वाचल्यासारखे.

गाय गरीब होती. सगळं ऐकून घ्यायची. पण सकाळी ती चरायला सुटली की घरातलं बोलणंही तिच्याबरोबर डोंगरावर जायचं, ते थेट दिवेलागणीला परत यायचं. तेवढ्या वेळात घरात भांड्याचा आवाज तेवढा व्हायचा. कधी कधी मी मुद्दाम कळशी आपटायची. पावसाळ्यात झड लागली आणि गाय घरीच बांधलेली राहिली की मला बरं वाटायचं. ऐकणाऱ्याला हे वेड्यासारखं वाटेल. पण पंचवीस वर्षांची धडधाकट बाई दिवसच्या दिवस गप्प राहिली की तिचं काय होतं ते तिलाच माहीत.

सासूबाई गेल्या त्या वर्षी घरात सण नव्हता, त्यामुळे बिरजीस निघाली नाही. पुढच्या वर्षी दसऱ्याच्या आधी मामंजींनी ती स्वतः उन्हात टाकली. दोरीवर वाऱ्यानं तिच्या मांड्या फुगल्या. सणाच्या सकाळी ते माजघरात गेले आणि दार लोटून घेतलं. बराच वेळ झाला तरी बाहेर येईनात. पडवीत सारवताना मी फटीतून बघितलं, ते काही बघायचं म्हणून नव्हे, पण दिसलं. ते पाटावर बसले होते. बिरजीस चढवलेली होती आणि दोन्ही पोटऱ्यांवर चिरेची पाखं उघडी लोंबत होती. हातात आकडा होता. ते वाकायला बघत होते, पण कमरेतून अर्ध्यावरच थांबत होते. बोटांची पेरं सुजलेली. आकडा हातातून सुटला, त्यांनी उचलला, पुन्हा सुटला.

थोड्या वेळानं धोतर नेसून बाहेर आले आणि गाईला म्हणाले, "देवळात गर्दी आसतली. धोतरच बरा."

मी गाईला काही सांगितलं नाही. सांगून काय करणार? शेजारच्या कोणाला बोलवावं तर संध्याकाळपर्यंत गावभर झालं असतं की स्वाराला आपली विजार घालता येत नाही. आणि मी जाऊन लावावीत, तर सुनेनं सासऱ्याच्या पायाला हात लावायचा? असा विचारच आमच्याकडे कोणी करत नसे.

त्याच्या पुढल्या चतुर्थीला नवरा आला तो खोली मिळाल्याची बातमी घेऊन. एकच खोली, पाण्याचा नळ सामाईक, पण आपली. इतकी वर्षं तो गावच्या माणसांबरोबर गाळ्यात राहत होता आणि खानावळीत जेवत होता. माझ्या हातातला चिमटा गरम आहे हेही मला कळलं नाही. मला मुंबईची हौस नव्हती. मला कोणाशी तरी तोंडासमोर बोलायचं होतं.

"पण बाबांचा काय?" नवरा म्हणाला.

त्याचंही बरोबर होतं. त्यानं मामंजींना मुंबईला चला म्हटलं. त्यांनी मान हलवली. त्यांना एकटं टाकून सुनेला घेऊन गेलो तर लोक तोंडात शेण घालतील, असं तो मला म्हणाला. म्हणजे मी इथंच राहायचं. ते असेतो. हे त्यानं उच्चारलं नाही, मीच मनात पुरं केलं, आणि पुरं केल्याबद्दल मला माझी लाज वाटली. एका चांगल्या माणसाच्या आयुष्याचा हिशोब मी अशा रीतीनं करू लागले होते.

दुसऱ्या दिवशी बाप-लेक काजूत गेले आणि तिथं काही बोलणं झालं असावं, कारण परत आले ते दोघंही फुरंगटलेले. नवरा निघताना मला एवढंच म्हणाला, की दसरा होऊ दे, मग बघू. दसऱ्याचा काय संबंध ते मला कळलं नाही. मुंबईच्या माणसाला सुट्टी तेव्हा मिळत असेल, असं समजले.

त्या वर्षी दसऱ्याच्या सकाळी मी लवकर उठून झेंडूचं तोरण लावलं. कोयता, फावडं, नांगराचा फाळ पुजायला मांडले. मामंजी माजघरात गेले, दार लागलं. आणि मग आकडा पडल्याचा आवाज. शांतता. पुन्हा आवाज. जमीन सारवलेली असल्यामुळे तो आवाज बारीकच यायचा, पण माझे कान तिकडेच होते. गाय अजून सोडलेली नव्हती. मी गोठ्यात जाऊन जरा मोठ्यानं म्हटलं, "गाये, कोणाक बोलवूक होया तर सांगूक सांग."

आतून आवाज आला, "कोण नको."

पुन्हा आकडा पडला.

मला राग आला. कोणाचा ते आज सांगता येणार नाही. त्यांचा, माझा, त्या शिंगाच्या बटणांचा, सासूबाईंचा, की त्या हे काम अर्धं टाकून गेल्या. आणि रागाच्या भरातच मला सुचलं. दसऱ्याला सून सासऱ्याच्या हातात सोनं देते आणि पाया पडते. तेवढं करायला आम्हांला कोणी मध्ये लागत नसे. नमस्काराला वाकलेल्या बाईला कोणी हटकत नाही, आणि तो किती वेळ करायचा याचा नियम मी तरी कुठे ऐकलेला नव्हता.

मी पूजेतली आपट्याची पानं उचलली, पदर नाकापर्यंत ओढला आणि दार ढकललं.

ते दचकून उभे राहिले. एका हातानं मधला खांब धरला. पाखं उघडीच होती. मी पानं त्यांच्या दुसऱ्या हातात ठेवली, खाली बसले आणि डोकं टेकलं. जमिनीवर आकडा पडलेला होता तो उचलला. मग डोकं वर न करता मी पहिलं बटण काजातून ओढलं.

पाय मागे जाईल असं मला वाटलं होतं. तो मागे गेला नाही.

मी कापडाला तेवढा हात लावत होते. आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की आकड्याची गरजच नाही. सासूबाईंना जी बटणं दात-ओठ खाऊन ओढावी लागायची, ती माझ्या नुसत्या बोटांनी लागत होती. आवळ बिरजीस सैल झाली होती. आत पाय उरलाच नव्हता, नुसतं हाड. या माणसाला मी दोन वेळा जेवायला वाढत होते आणि तो इतका वाळलेला मला दिसला नव्हता, कारण मी त्यांच्याकडे बघायचंच नाही अशी रीत होती. माझे डोळे भरून आले आणि बटणं दिसेनात. मी चाचपून लावली.

एक पाय झाला. मी गुडघ्यांवर सरकून दुसऱ्याकडे गेले. वर श्वासाचा आवाज येत होता. वाकलेल्या सुनेला मामंजी एरवी 'अखंड सौभाग्यवती हो' असं पुटपुटायचे आणि मी उठायची. आज शेवटचं बटण लागेपर्यंत ते गप्प होते. मग म्हणाले, "सुखी रव."

मी उठले आणि मागे न बघता चुलीपाशी गेले. चापट मारायची तेवढी राहिली होती. ती मला मारता येण्यासारखी नव्हती.

दुपारी ते देवळात गेले. खळ्याच्या कडेला उभी राहून मी त्यांना वळणापर्यंत बघितलं. फेटा, पांढरा सदरा, बिरजीस. पाठ ताठ. त्या दिवशी मला फार वर्षांनी हलकं वाटलं. संध्याकाळी ते परतले तेव्हा त्यांचे खिसे सोन्यानं भरलेले होते, आणि ते सगळं सोनं त्यांनी गाईपुढं ठेवलं.

दिवाळीच्या आधी नवरा अचानक आला आणि मला म्हणाला, तयारी कर. मी विचारलं, मामंजींचं काय? तो म्हणाला, ते म्हणतात माझं मी बघीन, आणि माझी खात्री पटली आहे. मला याहून जास्त विचारायचं नव्हतं. खरं सांगायचं तर विचारायची भीती वाटत होती, कारण विचारलं असतं तर कदाचित नेणं राहिलं असतं. निघताना मी पाया पडले. गोठ्यात जाऊन गाईला म्हटलं, "जातंय." मामंजी बाजूलाच उभे होते. ते गाईची मान खाजवत राहिले. मालवणच्या बंदरावर होडीतून आगबोटीकडे जाताना माझ्या मनात आलं की आता ते गाईला माझ्याबद्दल सांगतील, पण आत ऐकणारं कोणी नसेल.

मुंबईच्या खोलीबद्दल फार सांगण्यासारखं नाही. नवरा वाईट नव्हता. सकाळी जायचा, दिवेलागणीनंतर यायचा, जेवायचा, झोपायचा. तोंडासमोर बोलायला माणूस मिळालं होतं, पण त्याच्यापाशी बोलणं नव्हतं. इतकी वर्षं गाळ्यात राहून त्याला बायकोशी काय बोलतात ते माहीतच झालं नव्हतं, आणि मला माहीत होतं ते सगळं गाईशी बोलायचं. शेजारणी घाटावरच्या, माझी भाषा ऐकून हसायच्या. म्हणून मी नळावरही गप्पच असायची. एकदा मी कणीक मळता मळता म्हटलं, "गाये, आज भाजी काय करू?"

वर्ष गेलं. दसरा झाला आणि मागाहून आमच्या वाडीतली एक काकी बोटीनं मुंबईला मुलाकडे आली. येताना तिनं आमच्यासाठी सोलं आणि उकडे तांदूळ आणले होते. मी चहा टाकला. गावच्या गोष्टी निघाल्या. कोणाकडे काय झालं, कोण गेलं, भात कसं आलं. मामंजींची विचारपूस केली तर काकीनं तोंड वाकडं केलं.

"तुजो सासरो आता लय मोठो झालो गो," ती म्हणाली. "यंदा देवळात येवकच नाय. बिरजीस घालून पडवेत खुर्चेर बसलो, आणि मांडयेर कांबळा. आमी सोना देवक गेलंव तर उठाक सुद्धा नाय. बसानच घेतल्यान, राजासारख्या."

गावाला ते लागलं होतं. म्हाताऱ्याला संस्थानची मिजास चढली, असं सगळ्यांचं मत झालं होतं. आश्विनातला उकाडा, कोकणातला. अंगावर सदरा नको होतो. त्या उकाड्यात एक माणूस मांडीवर कांबळं घेऊन दिवसभर बसला होता. कांबळ्याखाली काय होतं ते त्या गावात कोणाला माहीत नव्हतं. इथं, या खोलीत, मला तेवढं माहीत होतं. दोन्ही पाखं उघडी होती. उठले असते तर दिसली असती.

रात्रीचं जेवण झाल्यावर मी नवऱ्याला सांगितलं. त्याला पटेना. तो म्हणाला, असं कसं होईल, बाबांना घालता येते. गेल्या वर्षी घातली ना?

"मी लावलेली बटणा," मी म्हटलं.

तो उठून माझ्यासमोर येऊन बसला. मग हळूहळू सगळं सांगू लागला. त्या चतुर्थीला काजूत बाप-लेकांचं भांडण झालं होतं ते माझ्यावरूनच. मामंजी म्हणाले होते, हिला घेऊन जा. हा म्हणाला होता, गेल्या दसऱ्याला तुम्ही धोतरात देवळात गेलात, म्हणजे आई गेल्यापासून तुम्हांला बिरजिशीची बटणं लावता येत नाहीत, तुम्ही एकटे काय राहणार? त्यावर त्यांनी पैज घेतली होती. दसऱ्याला मी कोणाच्या मदतीशिवाय बिरजीस घालून देवळात गेलो तर सुनेला न्यायची. आणि गेले होते. देवळात भर गर्दीत कोणीतरी विचारलं तेव्हा देवासमोर उभं राहून त्यांनी सांगितलं होतं की बटणं माझी मी लावली. गाववाल्यांनी ते पत्रानं कळवलं, म्हणून हा मला न्यायला आला होता.

त्या माणसाला मी कधी खोटं बोलताना ऐकलं नव्हतं. गाईशीसुद्धा नाही. मी भिंतीकडे तोंड करून रडले. नवऱ्यानं माझ्या पाठीवर हात ठेवला. ते मी विसरलेले नाही. मग म्हणाला, काकी परत जाईल तेव्हा तिच्याबरोबर जाऊन ये.

मी गेले. मालवणहून एसटीनं कट्ट्याला, तिथून डोक्यावर गाठोडं घेऊन चालत. दिवस कलत आला होता. खळ्यात पाचोळा पडलेला, बरेच दिवस कोणी झाडलं नसावं. घरात कोणी नव्हतं. माजघरात दोरीवर बिरजीस टांगलेली होती. मी तिची पाखं हातात घेतली. काही काजं ताणून फाटली होती, आकडा पुन्हा पुन्हा घुसवून. दोन बटणं तुटली होती आणि ती खुंटीवर एका पुरचुंडीत बांधून ठेवलेली होती.

मामंजी गोठ्यात होते. गाय बसून रवंथ करत होती आणि ते तिच्याजवळच्या दगडावर बसले होते. मला बघून त्यांनी मान खाली घातली आणि सवयीप्रमाणे गाईकडे वळले. मी दाराच्या आत राहिले नाही. पदरही ओढला नाही. समोर जाऊन उभी राहिले आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांना थेट विचारलं.

"मामंजी, तुमी देवासमोर खोटा कित्याक सांगलात?"

ते गाईच्या मानेवरून हात फिरवत होते. मग तिलाच म्हणाले, "गाये, हिका सांग. एकट्यान रवूचा मी शिकलंय. ता तिणा कित्याक शिकूचा?"

गाय काही बोलली नाही. मध्ये कोणीतरी असायला हवं म्हणून ती इतकी वर्षं होती, पण आता मला मध्ये कोणी नको होतं.

"ता मी कधीच शिकलंय," मी म्हटलं. "तुमच्याच घरात शिकलंय."

त्यांनी मान वर केली आणि माझ्याकडे बघितलं. इतकी वर्षं एका छपराखाली राहून त्यांचे डोळे कसे आहेत ते मला ठाऊक नव्हतं. पिंगट होते. त्यांनी दगडावर सरकून बाजूला जागा केली.

"बस गो," ते म्हणाले.

गाय तर बसलेलीच होती.